तुमच्यात काय म्हणतात?

एसटीत वाघमोडे बाईंच्या शेजारी जागा मिळालेल्या माणसाची मला आधीच कीव यायची. तिकीट निघेपर्यंत बाई त्याचं गाव विचारून घेत, पुढच्या थांब्यापर्यंत घरची माणसं, आणि तो परक्या भाषेतला निघाला की त्याच्याकडे चांगल्या वळून बसत. मग तो प्रश्न येई. "बरं, दुसऱ्याचं मूल आपलं म्हणून घेतात ना, त्याला तुमच्यात काय म्हणतात?"

माणसं गडबडून जात. एका गृहस्थांनी पिशवी पोटाशी धरली आणि पुढच्याच थांब्यावर उतरून गेले. नव्या सुनेला घेऊन निघालेल्या एका सासूबाईंना तो अपशकुनच वाटला. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "या बाई बऱ्या आहेत ना?" मी म्हटलं, "शिक्षिका आहेत." त्यावर त्यांचं समाधान झालेलं दिसलं नाही.

मुकुंदवाडीच्या आमच्या शाळेत बाई मराठी शिकवत आणि मी हिंदी. वर्षानुवर्षं एकाच बाकावर बसून आम्ही डबे खाल्ले. बाई मूळच्या कन्नडच्या. नवीन माणूस हमखास म्हणे, "मग मराठी इतकं चांगलं कसं शिकलात हो?" बाई शांतपणे सांगत, "घाटावरचं कन्नड. आपल्याच जिल्ह्यातलं." घर मेंढपाळांचं. वडील गेल्यावर मेंढरं भावाकडे आली आणि घरातल्या शिकलेल्या एकट्या बाई शहरात. पण चालणं शहरात आलंच नाही. पुढे दहा पावलं झपाझप जायचं, मग मान वळवून मागे बघायचं, सगळे येताहेत ना. बाजारात भाजी घ्यायला आम्ही दोघीच असलो तरी त्या मान वळवून बघत.

शाळेची सहल एकदा खुलताबादला गेली होती. परतताना मुख्याध्यापकांनी बसच्या दारात उभं राहून मुलं मोजली, आकडा बरोबर आला, ड्रायव्हरने गाडी सुरू केली. बाई जागेवरूनच म्हणाल्या, "एक कमी आहे." सर म्हणाले, "मोजलीत मी." बाई उठल्या, मागच्या बाकावरून एका पोराला दंडाला धरून उभं केलं. तो भलत्याच शाळेचा निघाला, गर्दीत आमच्या बसमध्ये चढलेला. आमचा पोरगा बाहेर सीताफळवाल्याशी घासाघीस करत बसला होता. सरांनी पुढे कितीतरी दिवस हा विषय निघाला की चष्मा पुसायला घेतला. बाईंना त्यात काही विशेष वाटत नव्हतं. मेंढरं मोजत नसतात, ओळखत असतात, एवढंच त्या म्हणत.

भाषेच्या बाबतीत मात्र बाई फार कडक. सूचना फळ्यावर चुकीची लिहिली तर मुख्याध्यापकांच्या डोळ्यांदेखत खडूने दुरुस्त करत. वर्गात 'मेरेकू, तेरेकू' ऐकू आलं की पोरगं बाहेर उभं. "देशमुख बाई, तुमच्या तासाला काय बोलायचं ते बोलू दे. माझ्या तासाला मराठी," असं मलाही सुनावलेलं होतं. त्यामुळे बसमधल्या त्यांच्या चौकशा बघून आम्हाला वाटायचं, बाई पीएचडी करताहेत. विचारलं तर म्हणत, "माहिती असावी."

माहिती त्यांनी पुष्कळ जमवली, आणि प्रत्येक शब्दावर त्यांचं स्वतःचं मत असे. संस्कृतातलं 'दत्तक' त्यांना आवडत नसे. "दत्तक म्हणजे दिलेलं. सगळा मोठेपणा देणाऱ्याचा. घेणारीचा पत्ताच नाही. आपल्या बायकांनी ते ओटीत आणलं, मांडीवर आणलं, तेव्हा कुठे त्यात ऊब आली." गुलमंडीवरचे कापडवाले शेटजी गुजराती. त्यांच्यातही मूल खोळ्यात, म्हणजे मांडीवरच घेतात, हे कळल्यावर खुशीत येऊन बाईंनी गरज नसताना परकराचं कापड घेतलं. हिंदी-उर्दूतल्या 'गोद लेना'मुळे माझाही भाव वधारला. इंग्रजीवर मात्र राग. त्यातल्या 'अ‍ॅडॉप्ट'च्या मुळाशी निवडणं आहे, असं इंग्रजीच्या सरांनी सांगितल्यावर बाई म्हणाल्या, "निवडून घेतात? मेथीसारखं? पानं इकडे, देठं तिकडे?" सगळ्यांत आवडला तो रेल्वेतल्या एका तेलुगू बाईंनी सांगितलेला शब्द, 'पेंचुकोवडम'. आपल्यासाठी वाढवणं, वाढवत वाढवत आपलं करणं. "या बायांना कळलंय," बाई म्हणाल्या. "आधी खस्ता, मग हक्क."

हे सगळं कशासाठी चाललं होतं ते एका दुपारी कळलं. डब्यातली वांग्याची भाजी माझ्या झाकणात वाढता वाढता बाई म्हणाल्या, "मी अर्ज केलाय. मुलगी घेतेय." चाळिशी ओलांडलेली, लग्न न केलेली बाई. मी घास हातात धरून नुसती बघत राहिले. बाई म्हणाल्या, "भाजी गार होतेय."

बातमी कन्नडला पोचली तशी त्यांची आई जीप पकडून आली. सोबत चुलता. म्हातारीला बाई 'माय' म्हणत. माय पाणीसुद्धा न पिता म्हणाली, "घे बाई, घे. पर वटीत घालतंय कोन? देनारं नगं का कुनी?"

"सरकार देतंय," बाई म्हणाल्या.

"सरकाराला हात हायेत का वटीत घालायला?"

चुलत्याने घसा साफ केला. "जात तरी कोनती म्हनायची पोरीची?"

"दुसरीत जानारंय ती, येवढं ठाऊक हाये मला," बाई म्हणाल्या. रागावल्या की त्यांची सगळी पुस्तकी मराठी घाट चढून कन्नडला जाई. चुलत्याने पुन्हा घसा साफ केला आणि चहा प्यायला.

तर रानी आली. शहरातच कुठेतरी सापडलेली, संस्थेत वाढलेली, दखनी, म्हणजे तीच 'मेरेकू-तेरेकू'ची हिंदी, बोलणारी. काटकुळी, डोळे मोठे, नजर थेट. हातात एक लाल बॅग. बॅगेची चेन तुटलेली, तिथे सेफ्टी पिन. आत दोन फ्रॉक, दात पडलेला कंगवा आणि एक मातकट हिरवी चादर.

बाईंनी सगळी तयारी केली होती. नवं कपाट, नवे फ्रॉक, फुलांची नवी चादर. पहिल्याच दिवशी त्यांनी रानीला न्हाऊ घातलं आणि ती हिरवी चादर साबणाच्या पाण्यात बुडवून, घासून, उन्हात टाकली. रानी रडली नाही. दुपारभर दोरीखाली बसून राहिली. चादर वाळल्यावर तिने ती नाकाशी धरली, घडी घातली आणि बॅगेत ठेवली. संध्याकाळी बाईंना म्हणाली, "मेरेकू भूक नै." बाईंनी प्रेमानेच सांगितलं, "मेरेकू नाही गं बाळा. मला भूक नाही, असं म्हणावं."

त्यानंतर रानी बाईंशी बोललीच नाही. दूधवाल्याशी बोले, मांजराशी बोले, मला पहिल्या आठवड्यातच 'मौसी' करून टाकलं. बाईंनी काही विचारलं की मान हलवायची, हो किंवा नाही. नव्या कपाटात तिने एक कपडा ठेवला नाही. जे मिळेल ते लाल बॅगेत, आणि बॅग कायम दाराशी, चपलांच्या शेजारी.

काही महिन्यांनी, दत्तकाचा पक्का हुकूम निघण्याआधी, कचेरीत अधिकारी बाई रानीला स्वतः विचारणार होत्या, तुला यांच्याकडे राहायचंय का. नाही म्हणाली तर ती परत जाणार, विषय संपला. संस्थेच्या ताई भेटायला येत, बॅगेकडे बघत आणि वहीत काहीतरी लिहून जात. बाईंनी एसटीत प्रश्न विचारणं बंद केलं. खिडकीतून बाहेर बघत बसत. मला त्यांच्याकडे बघवत नसे. इतक्या भाषांतून घेण्याचे शब्द गोळा केले आणि घरातली एक मुलगी काही हाती लागेना.

हिवाळ्यात एका रविवारी बाई आम्हा दोघींना कन्नडला घेऊन गेल्या. भावाची मेंढरं एका रिकाम्या रानात बसली होती. रानी बॅगेसकट आली होती. आम्ही पोचलो तेव्हा एक मेंढी नुकतीच व्यायली होती. कोकरू ओलंचिंब, चिकट, थंडीने लटलट कापत होतं. बाई भावाशी बोलत लांब उभ्या. मला काही राहवलं नाही. पर्समधला नॅपकिन काढून मी त्याला डोक्यापासून शेपटीपर्यंत स्वच्छ पुसलं आणि मोठ्या कौतुकाने आईपुढे ठेवलं. मेंढीने हुंगलं आणि डोक्याने ढुशी देऊन बाजूला लोटलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा लोटलं.

बाई धावत आल्या. "आवो देशमुख बाई, पुसलंत कशापायी त्येला? आंगावरचं पुसलं की माय वळखत नाय. जसं हाये तसं, त्येच्या वासासकट चाटून घ्यावं लागतं तिनं. तुमी समदं धुऊन पुसून..."

वाक्य तिथेच राहिलं. बाई माझ्याकडे बघत होत्या, पण मला बघत नव्हत्या. मग त्यांनी मान वळवली. मागे रानी उभी होती, बॅग छातीशी धरून. पिनेच्या फटीतून हिरव्या चादरीचं टोक दिसत होतं.

मेंढरांतच वाढलेली बाई. लहानपणापासून एकही कोकरू तिने कुणाला पुसू दिलं नसेल. आणि स्वतःच्या घरी आलेलं लेकरू तिने पहिल्याच दिवशी साबणाने धुऊन काढलं होतं.

बाई तिथेच ढेकळांत बसल्या, रानीच्या उंचीला आल्या. ज्या भाषेसाठी त्यांनी पोरांना वर्गाबाहेर उभं केलं होतं, ती भाषा त्या चाचपडत बोलायला लागल्या. "रानी, मैंने तेरा चादर धुतली. वो मेरी चूक झाली."

रानीने मान हलवली, नाही म्हणून. "धुतली नै बोलते," ती म्हणाली. "धोई बोलते. और चूक नै. गलती होगई बोलते."

"गलती होगई," बाई म्हणाल्या.

"हौ."

एवढंच. मग बाईंनी भावाकडून मिठाची पुडी मागवली आणि रानीपुढे धरली. "इसकू नमक लगाना है. हात लगाती क्या?" रानीने सकाळपासून पहिल्यांदाच बॅग खाली ठेवली. दोघींनी कोकराच्या पाठीला, मानेला मीठ चोळलं. भावाने मेंढीला धरलं. आधी ती नाक उडवत राहिली, मग मिठाच्या चवीने एकदा चाटलं, दोनदा चाटलं, आणि मग थांबेचना. कोकरू धडपडत तिच्या पोटाखाली शिरलं आणि शेपटी गरागरा हलायला लागली.

"ली क्या उसने?" रानीने विचारलं.

"ली."

"नमक के वास्ते?"

"पयले नमक के वास्ते," बाई म्हणाल्या. "अब उसके वास्ते."

मला रडू आलं आणि नॅपकिन तर वापरण्यासारखा राहिला नव्हता.

त्यानंतर मुकुंदवाडीने जे ऐकलं ते याआधी कुणी ऐकलं नसेल. वाघमोडे बाई दखनी बोलू लागल्या. भाजीवाल्याला म्हणाल्या, "ये भेंडी इतनी म्हातारी कायकू है?" रानी पोट धरून खाली बसली. "म्हातारी नै बाई, पकेली बोलते." बाई घरी येईपर्यंत 'पकेली, पकेली' घोकत आल्या. शिपायाला त्या "मेरा खुर्ची किधर गया रे" म्हणाल्या तेव्हा मुख्याध्यापक केबिनमधून बाहेर येऊन बघून गेले. वर्गात मराठी पूर्वीइतकीच कडक होती, पण 'मेरेकू' म्हणणारं पोरगं आता बाहेर उभं राहत नसे. आणि घरात रानीला त्यांनी पुन्हा एकदाही दुरुस्त केलं नाही. तिने मराठी आपली आपण उचलली, तीही थेट अधूनमधून राहायला येणाऱ्या मायकडून, 'लई' आणि 'व्हय' सकट.

हिरवी चादर बॅगेतून बाहेर आली. ती पुन्हा धुतली गेली नाही. रविवारी दुपारी बाई आडव्या झाल्या की रानी त्यांना तिचं एक टोक पांघरायला देई, एकच. बाई त्या टोकाखाली अंग आखडून, हलायचं नाही अशा बेताने निजत.

तरी बॅग दाराशीच होती.

कचेरीचा दिवस आला. साक्षीला मी होते. रानी खुर्चीत बसली, पाय जमिनीला टेकत नव्हते, मांडीवर बॅग. अधिकारी बाई समजूतदार होत्या. मायेने म्हणाल्या, "बेटा, कुणी शिकवलंय म्हणून सांगू नको. तुला या बाईंकडे राहायचंय का?"

रानी वाघमोडे बाईंकडे बघत राहिली. बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या, पुन्हा गुंडाळत होत्या.

"इनो को कुछ बी बोलना नै आता," रानी म्हणाली.

अधिकारी बाईंनी लेखणी खाली ठेवली.

"कल दूधवाले को बोले, मेरा डोकं मत खाओ. डोकं बोलते क्या? भेजा बोलते. सब लोगां हँसते इनो को. मैं गई तो कौन सिखाताय?" तिने एक सुस्कारा सोडला, घरात सगळी कामं अंगावर असलेल्या बाईसारखा. "रहनाच पडताय मेरेकू."

अधिकारी बाई हसल्या. "म्हणजे यांनी तुला नाही, तूच यांना घेतेयस तर."

"हौ," रानी म्हणाली. "लेती."

वाघमोडे बाई उभ्या राहिल्या, काही बोलायला गेल्या, बसल्या, पुन्हा उभ्या राहिल्या. आम्ही बाहेर आलो तेव्हा त्या माझ्या आणि रानीच्या पुढे झपाझप निघाल्या, दहा पावलांवर थांबल्या आणि मान वळवली. रानी हसत हसत पळत जाऊन त्यांच्याही पुढे गेली.

घरी माय खण, नारळ, तांदूळ ताटात घेऊन बसली होती. बाईंना पाटावर बसवून म्हणाली, "आता वटीत घालतंय कोन?" मी पुढे सरसावले, तर म्हातारीने हातानेच मला खाली बसवलं. "रक्ताचं न्हाय तं निदान तिच्या बाजूचं कुनी पायजे."

"मेरे बाजू से मैंच है ना," रानी म्हणाली आणि बाईंच्या मांडीवर जाऊन बसली. पाय लांब, पाटाच्या बाहेर, फरशीवर. मायने तिच्या डोक्यावरून तांदूळ टाकले, काही बाईंच्या केसांत अडकले.

बाईंना त्याही वेळी राहवलं नाही. "माय, आपल्यात ह्येला काय म्हनायचं गं? कुनी दिलं नाय, कुनी घातलं नाय."

माय नारळ हातात घेऊन म्हणाली, "काय म्हनायचं? पोरगी घरी आली म्हनायचं."

गेल्या वर्षी मी निवृत्त झाले आणि नाशिकला लेकीकडे जायला निघाले. त्या दोघी मुकुंदवाडी स्टेशनवर सोडायला आल्या. रानी आता बाईंच्या खांद्याला लागते. 'आई म्हण' असं तिला कुणी सांगितलं नाही. ती 'बाई'च म्हणते, पण शाळेत कुणाला सांगताना 'मेरी बाई' म्हणते. गाडीला वेळ होता. बाई एका परगावच्या बाईंशेजारी बाकड्यावर जाऊन बसल्या होत्या, त्यांचं गाव विचारून झालं होतं, मी पुढचं ओळखून होते.

रानीने माझ्या हातात शिदोरी दिली. बाजरीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, एका कागदात बांधलेली मिरची. आणि हे सगळं त्या लाल बॅगेत. सेफ्टी पिन जाऊन तिथे नवी चेन बसवलेली होती.

"अगं, ही तुझी बॅग," मी म्हटलं. "मी परत कशी पोचवू?"

"नक्को मौसी, वापस नको भेजो," रानी म्हणाली. "मेरे कपडे अब कपाट में रहते."

बाकड्यावर वाघमोडे बाई म्हणत होत्या, "बरं, दुसऱ्याचं मूल आपलं म्हणून..." आणि तिथेच थांबल्या. त्यांनी बॅगेकडे पाहिलं, रानीकडे पाहिलं, पदर तोंडाला लावला. शेजारच्या बाई वाट बघत राहिल्या. गाडी आली, मी चढले, खिडकीशी बसले. बाई अजून बोलत नव्हत्या, नुसत्या हसत होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. गाडी हलली तेव्हा रानी त्या परगावच्या बाईंपुढे उभी राहून समजावून सांगत होती, "आवो, इनो पूछ रहे, तुमच्यात काय म्हनत्यात?"